उपासमारीविरुद्ध उपास

भुकेविरुद्धच्या लढ्यात वजन वाढलेला कार्यकर्ता तुम्ही कधी पाहिला आहे का?

मी पाहिला आहे. वेणी घालताना, आरशात. लढा चार सोमवार चालला आणि शेवटच्या सोमवारी सकाळी माझ्या ब्लाऊजचं वरचं हूक काही केल्या लागेना. "क्रांती अंगी लागली गो तुझ्या," आई म्हणाली, "आता शिवण उसवायला घे."

पण हे नीट सांगायचं तर छापखान्यापासून सुरुवात करायला हवी. रत्नागिरीत आमच्या आळीच्या तोंडाशी अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, छापखाना आहे. खाली पायाने चालवायचं ट्रेडल मशीन, वर आम्ही. मी अक्षरं शिकले ती छपाईच्या उलट्या खिळ्यांवरून, त्यामुळे पहिलीत जाईपर्यंत सगळी मुळाक्षरं उलटी वाचत होते (बाईंनी आईला बोलावून "मुलीची दृष्ट काढा" असं सांगितलं होतं). आमच्या फडताळात खाली अंथरलेली पत्रकं, चण्याची पुडी पत्रकाची, डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली पत्रकं. दारूबंदीपासून बंदराच्या धक्क्यापर्यंत एकही प्रश्न असा नव्हता, ज्यावर आमच्या घरात 'जागे व्हा!' पडलेलं नव्हतं. इतर मुलींना झोपताना गोष्टी सांगत. मला अण्णा मागण्या वाचून दाखवत. सातवी मागणी येईपर्यंत मला झोप लागलेली असे. त्यामुळे कुठल्याही चळवळीच्या शेवटी नेमकं काय मागायचं असतं, ते मला आजही ठाऊक नाही.

तर, मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू होऊन सहा-सात महिने उलटले होते. माझी आत्या, अण्णांची धाकटी बहीण, लांज्याकडच्या डोंगरातल्या एका वाडीत राहते. आत्याचे यजमान, आमचे आतोबा, गिरणीत होते. संपात घरी आले, आणि त्यांच्याबरोबर वाडीतले बाकीचे पुरुषही आले. मनिऑर्डरी बंद. श्रावणात लावणी उरकलेली असते, गेल्या सालचं भात कणगीच्या तळाला गेलेलं असतं आणि नवं भात दसऱ्याशिवाय हाती येत नाही. अण्णांनी तांदळाचं एक पोतं बहिणीकडे एस.टी.च्या टपावर टाकून पाठवलं. दोनच दिवसांत त्याच एस.टी.च्या टपावरून ते परत आलं. पोत्यावर आतोबांनी आपल्या परसातल्या केळ्यांचा घड बांधला होता आणि कंडक्टरबरोबर निरोप होता : "संपावर आहोत, भिकेवर नाही."

अण्णा त्या वाक्यावर इतके खूश झाले, की ते मोठ्या टायपात छापायला निघाले!

"वाक्य छापाल हो," आई म्हणाली, "पण पोरं खातील काय तिथं? टाइप?"

प्रश्न खरा होता. वाडीला तांदूळ हवा होता आणि वाडी तो घेणार नव्हती. हा पेच मी आमच्या आळीच्या नवप्रभात मित्रमंडळापुढे मांडला. मंडळाचं कार्य म्हणजे गणपती, कॅरम आणि कॅरमच्या पावडरीवरून भांडण. अध्यक्ष शेट्येकाका, आळीतले किराणा दुकानदार. सभा त्यांच्याच दुकानात, गुळाच्या ढेपांवर बसून.

"कच्चा तांदूळ परत येतो," अण्णा म्हणाले. "शिजलेला भात परत पाठवता येत नाही. तेव्हा गणपतीची मोठी भांडी घेऊन वाडीत जायचं, तिथं रांधायचं आणि पंगत मांडायची. माहेरची माणसं वाढायला उभी राहिल्यावर पानावरून कोण उठतो?"

"वा!" शेट्येकाका म्हणाले. "आणि तांदूळ कुठून आणायचा?" हे विचारताना त्यांनी स्वतःच्या तांदळाच्या पोत्यावर हात ठेवला. द्यायला नव्हे. झाकायला.

मी उठले. "आळीतल्या प्रत्येक घराने आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायचं! तो तांदूळ मंडळाला द्यायचा! भरल्या पोटाला भुकेची ओळख झाली पाहिजे!"

टाळ्या पडल्या. शेट्येकाका म्हणाले, "श्रावण आहे, तर सोमवार घे. लोकांना सवय असते."

त्यांच्या डोळ्यांत एक चमक दिसली, पण मी ती सामाजिक जाणिवेची समजले. छापखान्याची सुटीही सोमवारीच असे, म्हणून मी लगेच हो म्हटलं. नास्तिकाचं पंचांग हे असं असतं!

पत्रक अर्थात मी लिहिलं. मथळा होता : 'भुकेसाठी जेवण सोडा!' अण्णा लाकडी टायपांच्या खोक्यात हात घालून बराच वेळ खुडबुडले.

"नंदा, 'ण' नाही."

"म्हणजे?"

"मोठ्या टायपात एकच 'ण' होता. वाळवीने खाल्ला. जेवणाला दुसरा शब्द बघ."

मी दौत-टाक घेऊन जिन्यावर बसले आणि मला साक्षात्कार झाला. 'उपासमारीविरुद्ध उपास!' एका ओळीत प्रश्नही आणि उत्तरही! अण्णांनी मला उराशी धरलं. असा मथळा आपल्या छापखान्यात आजवर लागला नाही, असं ते म्हणाले. खरंच होतं ते. आणि देव करो (सवयीने लिहिलं) पुन्हा न लागो.

पहिला सोमवार उजाडला. मी मनाची तयारी करून खाली उतरले. दुपारपर्यंत चक्कर येईल, डोळ्यांपुढे अंधारी येईल, त्या अंधारीत शोषितांचे चेहरे दिसतील, अशी माझी अपेक्षा होती. स्वयंपाकघरात डोकावले तर आईने परातभर साबुदाणा भिजत घातलेला. स्टोव्हवर दाण्याची आमटी उकळते आहे, वऱ्याचे तांदूळ झाकून ठेवले आहेत, आणि आई रताळी किसते आहे.

"आई, हे काय?"

"फराळ."

"पण आज आपण जेवण सोडलंय!"

"सोडलंय ना. भाताचा टोप चढलेला दिसतोय का कुठं?"

"मग हे सगळं?"

"नंदा, पत्रकात काय लिहिलंयस? उपास. मग उपासाला माणसाने खायचं काय? पत्रक?"

मी अण्णांकडे पाहिलं. ते पानावर बसलेले होते. "तत्त्व म्हणून," असं म्हणत त्यांनी खिचडी तिसऱ्यांदा घेतली. आणि संध्याकाळी उपास सोडायला वालाचं बिरडं, अळूवडी आणि शेवयांची खीर! सोडलेलं जेवण दुपारी गेलं आणि संध्याकाळी नातेवाईक घेऊन परत आलं.

ही आमच्या एका घराची कथा नव्हती. आळीत तोवर फक्त बायका सोमवार करत. माझ्या पत्रकाने पुरुष जागे झाले! वर्षभर देवळाकडे न फिरकणारे गृहस्थ "सामाजिक कार्य आहे" म्हणत सकाळी दहापासून पाटावर बसू लागले. घराघरांतून वाट्या फिरू लागल्या. कुणाच्या खिचडीत खोबरं, कुणाच्या खिचडीत लिंबू. दुसऱ्या सोमवारी समोरच्या घरातून बटाट्याचे पापड आले, म्हणून आईने तिसऱ्या सोमवारी खांडवी केली, वऱ्याच्या तांदळाची, गूळ घालून. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' असं म्हणतात. आम्ही ती सोमवारवर नेली आणि तिप्पट केली. शेट्येकाकांच्या दुकानातला साबुदाणा संपला, कोल्हापूरहून नवा आला, तोही संपला.

"आंदोलन तळागाळात पोचलं बघ!" शेट्येकाका मला म्हणाले.

"तळागाळाला शेंगदाण्याचं कूट लागलंय, काका!"

"ते पण आजच ताजं आलंय. देऊ?"

तांदूळ मात्र येत होता, हे कबूल केलं पाहिजे. फक्त तो ताटातून येत होता, वर हळदकुंकू, सुपारी आणि तुळशीचं पान ठेवून. आळीने त्याचा शिधा केला होता! एका काकूंनी तर उद्यापन कधी आणि त्याला किती सवाष्णी सांगायच्या, असं विचारलं.

"काकू, हा लढा आहे! व्रत नाही!"

"असू दे गो. लढ्याचं पण उद्यापन नीट व्हायला हवं. नाहीतर फळ मिळत नाही."

(सातव्या मागणीपर्यंत जागी राहिले असते, तर याला उत्तर देता आलं असतं.)

याच दिवसांत आत्या अधूनमधून आमच्याकडे डोकवायची. रानातली भारंगी, टाकळा घेऊन ती बाजारात यायची, आणि टोपली रिकामी झाली की परतीच्या एस.टी.आधी भावाचं घर गाठायची. आई पान मांडायला धावायची. आणि दर वेळी आत्याचा हात आडवा.

"नको वैनी. आज मंगळवार. माजा गणपतीचा उपास."

"मग खिचडी टाकते पटकन."

"कडक हाय गो. फराळ नाय चालत. माज्या वाटणीचं पोरांना बांधून दे हवं तर."

पुढच्या खेपेला गुरुवार होता, तर दत्ताचा. त्याच्या पुढच्या खेपेला शनिवार, तर मारुतीचा. सगळे कडक. आई चकितच झाली. डबा बांधता बांधता माझ्याकडे बघून म्हणायची, "याला म्हणतात उपास! नाहीतर आपण." आणि पुढच्या सोमवारी तिने स्वतःच्या खिचडीत तूप कमी घातलं, असं ती सांगते.

मी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. शनिवारी आत्या जिन्याच्या पायरीवर पाणी पीत बसली असताना मी तिच्यासमोर उभी राहिले आणि तिचं प्रबोधन सुरू केलं. "आत्या, हे देव तुला शोषताहेत! आठवड्यातले चार-चार वार उपाशी राहून काय मिळतं तुला? ही मानसिक गुलामगिरी आहे!" अण्णांनी आतून हाक मारून सांगितलं, की अंधश्रद्धेवरचं जुनं पत्रक मागच्या खोलीत आहे, ते तिला दे. मी दिलं. दोन प्रती दिल्या.

आत्याने ती नीट घडी करून कमरेला खोचली. "वाचीन हां," म्हणाली. "लय गोड बोलतंस गो बाय माजी. आता गाडी चुकंल."

चौथ्या सोमवारी मंडळ निघालं. टेम्पोत पोती, गणपतीची भांडी, मी, अण्णा, शेट्येकाका, मंडळाची सात-आठ पोरं, आणि आई. आईच्या मांडीवर पितळेचा एक अगडबंब डबा होता, त्यात स्वयंसेवकांसाठी खिचडी. आमचा सोमवार होता ना! माझ्या पोलक्यात (हूक न लागलेल्या) भाषण होतं, चार पानी. वाडीच्या अलीकडे पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी चढलं होतं, तिथं टेम्पो थांबला, आणि आम्ही पोती डोक्यावर घेऊन लाकडी साकवावरून पलीकडे गेलो. शेट्येकाका साकवाच्या मध्यावर उभं राहून रामरक्षा म्हणाले. मी मनातल्या मनात त्यांना साथ दिली, पण ते छापायचं नाही.

वाडीतल्या देवळाच्या पडवीत चुली मांडल्या. वाडी जमली. आणि काय सांगू, माणसं कशी! कुणी सुकी लाकडं आणली, कुणी केळीची पानं कापून आणली, बायकांनी धुरात डोळे चोळत फुंकणी फुंकली. आतोबांनी स्वतः भाताचा हंडा उतरवून दिला. मी अण्णांच्या कानात म्हटलं, "बघा, भीक नाही, सहभाग!" अण्णांनी मान डोलवली. पानं मांडली, भाताची मूद पडली, वर आमटी. मी घसा खाकरून ओरडले, "चला, बसा सगळे पंगतीला!"

कुणी हललं नाही.

"बसा ना!"

"कोण, आमी?" आतोबा म्हणाले.

"मग कोण?"

"आज सोमवार नाय काय!"

अण्णांनी हातातली आमटीची पळी परत टोपात ठेवली.

"श्रावणी सोमवारी दुपारचा भात वाडीत कोण खातो?" आतोबा म्हणाले. "आमाला वाटलं, तुमी शेरातली माणसं, तुमी पाळत नसाल. सोताच्या जेवणासाठी रांधताव. म्हणून हातभार लावला."

सगळं मंडळ माझ्याकडे वळलं. माझ्या छातीवर मोहिमेचा बिल्ला होता, आमच्याच छापखान्यात काढलेला. त्यावर छापलं होतं : 'सोमवार.'

चार सोमवार आख्ख्या आळीने सोमवार धरला होता, आणि ज्यांच्यासाठी धरला, त्यांचाही सोमवार असेल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं! मला तर सोमवारी फक्त छापखाना बंद असतो, एवढंच ठाऊक.

"शिजलेला भात परत पाठवता येत नाही," अण्णा पुटपुटले.

"परत नेऊ नका म्हणजे झालं," आई म्हणाली. "पोरांचा कसला आलाय उपास? बसा रे पोरांनो!" आणि वाडीतली झाडून सगळी पोरं पानांवर तुटून पडली. मग तिने पदर खोचला आणि पितळेच्या डब्याचं झाकण उघडलं. "आणि मोठ्यांना फराळ. सोमवारच्या फराळाला कुणी नाही म्हणू नये, भावजी."

आतोबांनी आईकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. "फराळाला नाय म्हणत नाय," ते म्हणाले, आणि मांडी घालून बसले. ते बसले तशी वाडी बसली.

मंडळ उभं राहिलं. खिचडी गेली, भात खाता येईना. चार सोमवारांत पहिल्यांदाच नवप्रभात मित्रमंडळाने खरोखर एक वेळचं जेवण सोडलं. शेट्येकाकांचा चेहरा असा झाला, की भुकेची ओळख करून द्यायला दुसरा फोटो नको.

मी डब्यातली खिचडी एका पातेल्यात काढून वाढायला घेतली. एक एक डाव खिचडी घालत पंगतीतून निघाले, आणि बायकांच्या ओळीत शेवटी बसलेल्या आत्यापाशी आले. इथे मला वाटलं, आपल्या घराण्याचा निदान एवढा तरी मान राखावा. डाव वर उचलून मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आत्याला वाढत नाही हं! तिचा कडक असतो!" आणि तिच्या पानावरून पुढे जाऊ लागले.

माझं मनगट कुणीतरी धरलं.

"हितं घाल," आत्या म्हणाली.

"अगं, पण तुझा कडक..."

"कडक होता. आता मऊ झाला."

"पण देवाचं..."

"अगो बाय माजे," आत्या हसायलाच लागली, "कोणचा देव आन् कोणचा वार! आदी टोप बघायचा, मंग वार ठरवायचा! टोपात भात कमी दिसला, का आज माजा मंगळवार. आनखी कमी दिसला, का गुरुवार. आईचा उपास हाय म्हटलं, का पोरं गुमान जेवतात. नायतर घास माज्या तोंडाशी आणतात आन् मंग कोनाचंच पोट भरत नाय."

पलीकडची बाई खिचडी खाता खाता म्हणाली, "मी तर एकदा बुधवार धरला!"

"बुधवार कोणाचा गो?"

"ज्याचा आसंल त्याचा! मी काय नाव विचारायला गेलंय?"

अख्खी ओळ हसली. एकीला ठसका लागला. दुसरीने तिची पाठ थोपटत सांगितलं, की तिच्याकडे तर संकष्टी महिन्यातून तीनदा येते. आतोबा पुरुषांच्या ओळीत खाली मान घालून पानातला एकच साबुदाणा बोटाने इकडून तिकडे ढकलत होते. हे त्यांनाही आजच कळत होतं. आई डब्याचा तळ खरवडत राहिली, डबा कधीच रिकामा झाला होता तरी. आणि आत्याच्या कमरेला, हसताना पदर सरकला तेव्हा, अंधश्रद्धेवरचं माझं पत्रक दिसत होतं. तिने त्यात चुन्याची डबी गुंडाळून ठेवली होती.

मी डाव भरून वाढलं. मग अजून एकदा वाढलं. भाषण मी काढलंच नाही. काढलं असतं, तर त्यातलं पहिलं वाक्य होतं : 'बंधूंनो आणि भगिनींनो, भूक म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला आले आहे!'

आता राहिली पोती. निम्मी अजून शिवलेलीच होती. अण्णा चष्मा पुसून झाल्यावर उठले आणि म्हणाले, "भावजी, हे तांदूळ..."

आतोबांची मान ताठ झाली. पुन्हा ते केळ्यांच्या घडाचे आतोबा! पोती साकवावरून उलटी न्यायची या कल्पनेने शेट्येकाका खाली बसले.

"देवळात ऱ्हाऊ देत," आत्या हात धुता धुता म्हणाली. "राती सगळ्यांनी उपास सोडायचा हाय नाय? उपास सोडायचा भात काय भीक हाय?"

आतोबांनी पोत्यांवरून नजर फिरवली. "एका सोमवारला इतका लागत नाय," ते म्हणाले.

"एका सोमवारला कुठं?" अण्णा म्हणाले. "दसऱ्यापर्यंत सगळे वार सोडायचे आहेत."

आतोबा पोत्यांपाशी गेले. मग त्यांनी वाकून पहिलं पोतं स्वतःच्या पाठीवर घेतलं आणि देवळात नेऊन ठेवलं. ते पोतं परत आलं नाही. जो शब्द मी छापून आळीला जेवू घातलं, त्याच शब्दाने आत्याने वाडीत तांदूळ पोचवला. आणि तिला त्यासाठी वाळवीची मदत लागली नाही.

म्हणून वाचकहो, एक मागणी आहे, एकच, तेव्हा झोपू नका. तुमच्या दारात कुणी दमून आलं आणि "नको, माझा आज उपास आहे" म्हणालं, तर वार मोजू नका, देवाचं नाव विचारू नका आणि माझ्यासारखं प्रबोधन तर मुळीच करू नका. पान मांडा, गरम भात वाढा आणि ते माणूस जेवेपर्यंत दुसरीकडे बघत बसा. तो उपास खरा निघाला आणि तुमच्या हातून मोडला, तर पाप खुशाल माझ्या नावावर टाका. मी नास्तिक आहे. माझ्याकडे जागा पुष्कळ आहे.